लॅमिनेट केलेला धर्मगुरू

मी गेल्या जूनपासून धर्मगुरू आहे. आमच्या घरी ही गोष्ट कोणी मनावर घेत नाही. बायको अजूनही दळण मलाच आणायला लावते, आणि पॉलिटेक्निकमध्ये ज्या पोरांना मी ड्रॉइंग शिकवतो ती मला पूर्वीसारखीच पाठीमागे 'टी-स्क्वेअर' म्हणतात. पण प्रमाणपत्र आहे. त्यावर माझं नाव आहे, सोनेरी शिक्का आहे आणि खाली एका अमेरिकन माणसाची सही आहे. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, त्यानेही मला पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर सही केली नसती.

झालं असं की मिल्याची ईमेल आली. मिलिंद कारखानीस हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. बारा वर्षं टोरांटोच्या स्कारबरो भागात राहतो आणि बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पंचेचाळिसाव्या वर्षी तो दुसरं लग्न करायला निघाला होता. मुलगी (बेचाळीस वर्षांच्या बाईलाही आपल्याकडे लग्न होईपर्यंत मुलगीच म्हणतात) ग्लॅडिस तुस्कानो, मूळची वसईची, स्कारबरोतल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला.

अडचण ग्लॅडिसच्या वडिलांची होती. मिल्या घटस्फोटित, त्यामुळे चर्चमध्ये लग्न लागेना. होम करून लावायचं तर हॉलमध्ये आग पेटवायला बंदी. नुसतं सरकारी कचेरीत जाऊन सह्या करू म्हटलं तर वडील म्हणाले, "रेशनकार्डावर नाव चढवायला मी येत नाही." त्यांची एकच अट होती. ज्याने देवाला शब्द दिलाय अशा माणसाने लग्न लावावं. मग देव कुठला का असेना. ते सहा महिन्यांसाठी मुलीकडे आले होते आणि रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं. लग्न शनिवारी. वडील आले नाहीत तर लग्न करणार नाही असं ग्लॅडिस कधी म्हणाली नव्हती, पण तारीख दोनदा पुढे गेली होती. मिल्याला एवढं गणित येतं.

"चंद्या," त्याने लिहिलं, "इंटरनेटवर धर्मगुरू होता येतं. तू हो, आणि ये."

खरं तर त्याने मला बोलवायला नको होतं. त्याच्या पहिल्या लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली होती. स्वतः रचलेली. मिल्याचे आठ दोष, आठ कडव्यांत, आणि प्रत्येक 'सावधान' नवरीकडे बघून. अख्खं कार्यालय हसून लोळलं होतं. नवरी हसली नव्हती, हे मला चार वर्षांनी ते वेगळे झाले तेव्हा आठवलं. त्यात माझा काही हात नाही असं सगळे म्हणतात. कोणी विचारलेलं नसताना म्हणतात.

तर मी सायबर कॅफेत बसून अकरा मिनिटांत धर्मगुरू झालो. त्यातली चार मिनिटं वीज गेलेली होती. मग कुठल्याही सुसंस्कृत पुणेकराने केलं असतं तेच केलं. प्रिंट काढली, प्राचार्यांकडून तिची खरी प्रत साक्षांकित करून घेतली आणि दोन्ही लॅमिनेट केल्या. आमच्या घरात जन्मदाखल्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं असतं. वडिलांनी मिक्सरचं गॅरंटी कार्ड लॅमिनेट केलं होतं. मिक्सर जाऊन वीस वर्षं झाली, कार्ड अजून करकरीत आहे. कागद प्लॅस्टिकमध्ये गेला की तो खरा होतो, अशी आमची श्रद्धा आहे. देवावर नाही, पण यावर आहे.

गुरुवार, स्कारबरो

प्रवासाचं सांगत नाही, मी बसलो होतो आणि विमान चाललं होतं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मला नायगारा दाखवला. पाणी वरून खाली पडतं. कॅनडात उतरलेल्या प्रत्येक मराठी माणसाला तिथे नेऊन भिजवतात. बहुधा तसा कायदा असावा.

स्कारबरो म्हणजे प्रचंड रुंद रस्ते, त्यांच्या कडेला पार्किंग, आणि पार्किंगच्या पलीकडे बसकी दुकानं. फुटपाथवर चालणारा मी एकटाच होतो. मोटारीतले लोक माझ्याकडे अशा करुणेने बघत होते, की काही लागलं का विचारायला थांबतील असं वाटलं.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं महापालिकेच्या कचेरीत लग्नाचं लायसन्स आणायला गेलो. रांग नव्हती, धक्काबुक्की नव्हती, खिडकीतली बाई चक्क हसत होती. अशा कचेरीत काम झाल्यासारखं वाटतच नाही. लायसन्स हातात आल्यावर ग्लॅडिसने सहज विचारलं, "लग्न लावणारा माणूस कोण असावा लागतो?"

मी पुढे सरसावलो आणि माझं प्रमाणपत्र काचेखालून सरकवलं. बाईने ते उलटसुलट केलं, उजेडात धरलं.

"फार सुंदर लॅमिनेट केलंय, सर," ती म्हणाली.

"थँक यू."

"पण इथे चालणार नाही. ऑन्टारिओ प्रांताच्या यादीत नाव असलेलाच माणूस लागतो. हे अमेरिकेतलं आहे."

मी साक्षांकित खरी प्रत काढली. तीही तिने कौतुकाने बघितली. तीही चालणार नव्हती. तेरा हजार किलोमीटर येऊन धर्मगुरूपदाची सीमा मी दीड तासाच्या अंतराने चुकवली होती. काल नायगाऱ्याला पलीकडच्या, अमेरिकेच्या काठावर उभा असतो तर माझ्या शब्दाला कदाचित वजन असतं.

मिल्या पार्किंगमध्ये येऊन गाडीला टेकला. ग्लॅडिस मात्र लॅबमधली बाई. नमुना खराब निघाला की दुसरा घ्यायचा. तिने फोनाफोनी करून दुपारपर्यंत मार्जरीबाई शोधल्या. सत्तरीच्या, एका छोट्या चर्चच्या निवृत्त धर्मगुरू, प्रांताच्या यादीत रीतसर नाव. त्या म्हणाल्या, "तुमच्या मित्राला काय बोलायचं ते बोलू दे. मी शेजारी उभी राहीन, कायद्याची दोन वाक्यं म्हणवून घेईन आणि लायसन्सवर सही करीन. सोपं आहे."

"बाबांना मी तुम्हीच धर्मगुरू म्हणून सांगून बसलेय, त्यांना यातलं काही सांगायचं नाही," ग्लॅडिस मला म्हणाली. "चंदूदादा, तुम्ही आजचा दिवस जरा गंभीर चेहरा ठेवा."

संध्याकाळी जेवायला तिच्याकडे गेलो. तिचे वडील तुस्कानो सर दारातच उभे होते. शुभ्र शर्ट, इस्त्रीची पँट, घरातही बूट. वसईकडे मराठी शाळेत छत्तीस वर्षं शिकवलेले, त्यातली चौदा मुख्याध्यापक म्हणून. त्यांचं मराठी इतकं नितळ की माझं पुणेरी मला एकदम कळकट वाटायला लागलं.

"या पाद्रीबुवा," ते म्हणाले. "दीक्षा कुठे झाली?"

"पुण्यात."

"कोणत्या संस्थेत?"

"खाजगी आहे."

"अभ्यासक्रम किती वर्षांचा?"

"तसा वेळ लागतो," मी म्हटलं, आणि वीज गेलेली ती चार मिनिटं आठवली.

सरांनी मान हलवली. वर्गातल्या पोराने उत्तर चुकीचं दिलं की शिक्षक जशी हलवतात, तशी. मग मला जेवायला वाढलं. ग्लॅडिसने वसईचे फुगे केले होते, तळलेले, आतून पोकळ, किंचित गोड. बरोबर झणझणीत रस्सा. मी शाकाहारी आहे असं गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. रस्स्यात काय आहे हे विचारलं नाही आणि नऊ फुगे खाल्ले. सर बघत होते. "दीक्षेत पथ्य वगैरे नाही वाटतं," एवढंच म्हणाले.

शुक्रवार, रिचमंड हिल

शुक्रवारी मिल्या कामाला गेला. जाताना लायसन्स माझ्याकडे दिलं. "तू रिकामा आहेस. जप. त्यावर चहा सांडू नकोस."

मी सांडणाऱ्यातला नाही. कागद ए-फोर, पातळ. उद्या हॉलमध्ये चाळीस माणसं, आंबरस, साबणाच्या पाण्याच्या बाटल्या (हॉलमध्ये तांदूळ उधळायला बंदी, म्हणून अक्षतांऐवजी साबणाचे बुडबुडे उडवायचे ठरलं होतं). कोपऱ्यावरच्या प्लाझामध्ये झेरॉक्सचं दुकान होतं, मालक गुजराती. मी कागद पुढे केला.

"भाई, लॅमिनेशन."

त्याने कागद वाचला. "गव्हर्नमेंट पेपर लगता है. पक्का करना है?"

"गव्हर्नमेंट पेपर है, इसीलिए तो."

"आप इंडिया से अभी आए ना?" तो म्हणाला. हे मला कौतुक वाटलं.

कागद यंत्रातून गरम, ताठ, चकचकीत होऊन बाहेर आला. कॅनडात आल्यापासून मी केलेलं पहिलं नीटनेटकं काम. मी तो सुटकेसमध्ये प्रमाणपत्राशेजारी ठेवला.

संध्याकाळी रिचमंड हिलला मिल्याचे आतेभाऊ अनिल केळकर यांच्याकडे लग्नाआधीचं केळवण होतं. केळवण म्हणजे आपल्याकडे यजमान जेवायला घालतात. तिथे प्रत्येकजण आपापला डबा घेऊन येतो आणि यजमान घर दाखवतात. केळकरांनी घर दाखवायला पन्नास मिनिटं घेतली. साडेचार वॉशरूम. अर्धं कुठलं ते मी विचारलं, तर तेही दाखवलं. बेसमेंटमध्ये एक बार होता, बारमध्ये एकही बाटली नव्हती आणि वर गणपतीचं मखर ठेवलेलं होतं. स्वयंपाकघरात डिशवॉशर होता. वहिनींनी तो उघडला तर आत रवा, पोहे, साबुदाणा यांचे डबे नीट रचलेले.

"भांडी हातानेच घासते," त्या म्हणाल्या. "पण घर घेताना असायलाच लागतो."

ऑगस्टची सुंदर संध्याकाळ होती, बाहेर मेपलच्या झाडांवर ऊन, आणि सगळे पुरुष गॅरेजमध्ये उभं राहून विंटर टायर्सबद्दल बोलत होते. कोण कधी बदलतो, कुठे ठेवतो. एका नागपूरकराने तर गेल्या वर्षी सकाळी उठून ड्राइव्हवे शोव्हल कसा केला, म्हणजे फावड्याने कसा साफ केला, मग नगरपालिकेचा नांगर येऊन सगळा बर्फ परत कसा टाकून गेला, हे इतकं रंगवून सांगितलं, की पानिपतातून परत आलेला माणूस बोलतोय असं वाटावं. मी केळकरांच्या मुलाला विचारलं, "काय रे, मराठी येतं का?" तो म्हणाला, "आय अंडरस्टँड एव्हरीथिंग," आणि निघून गेला. जाण्याआधी त्याने मला नीट न्याहाळलं. बहुधा खरंच सगळं समजलं असावं.

अंतरपाट आणायचं मी पुण्यात विसरलो होतो. वहिनींनी टेबलक्लॉथ दिला. पांढरा होता, त्यावर लाल मेपलची पानं आणि एका कोपऱ्यात हळदीचा डाग होता. "डाग नवरीच्या बाजूला येऊ देऊ नका," त्या म्हणाल्या.

शनिवार, हॉलचं दार

लग्न कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, अकरा वाजता. मी अकराला पंचवीस कमी असताना पोचलो. अंगावर झब्बा, त्यावर स्वतः खरेदी केलेला भगवाही नाही आणि केशरीही नाही असा शेला, खिशात भाषण. भाषणात अकरा विनोद होते. दोन पहिल्या लग्नातले, उरलेले नवे.

मार्जरीबाई कोटांच्या खोलीत बसल्या होत्या. गोऱ्या, बारीक, पायात धावायचे बूट. "लायसन्स द्या, माझी बाजू आधी भरून ठेवते," त्या म्हणाल्या.

मी दिलं.

त्यांनी ते हातात घेतलं. मग पेन काढून एका कोपऱ्यात हळूच रेघ ओढली. शाई उठली नाही, थेंब होऊन घसरली. त्यांनी ती रुमालाने पुसली. पुसली गेली.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं, आणि अजूनही माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, हे मी कबूल करतो.

"यावर मी सही करायची असते. मग नवरा-नवरी, मग दोन साक्षीदार. मग हा कागद पोस्टाने सरकारकडे जातो. हा, हाच कागद." त्यांनी काठ नखाने उचकटून बघितला. "यावर आता कोणीच काही लिहू शकत नाही. नवीन लागेल, त्याशिवाय मला लग्न लावता येत नाही. कचेरी सोमवारी उघडते."

मिल्या मागे येऊन उभा होता. त्याने काचेसारख्या त्या कागदात स्वतःचा चेहरा बघितला. "चंद्या," तो म्हणाला, "पहिल्या वेळी निदान कागद तरी झाला होता."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला, कोटांच्या हँगरखाली, नवरदेवाच्या फेट्यासकट. "सर उद्या चाललेत. आज नाही तर ते पुन्हा येणार नाहीत. त्यांचं गुडघ्याचं... ते नाही येणार. आणि ती त्यांच्याशिवाय..."

"सोमवारी गुपचूप सह्या करा," मी म्हटलं. "आज मी लावतो. सरांना काय कळणार आहे?"

"तेच," मिल्या म्हणाला. "तुझं हेच असतं. कोणाला काय कळणार आहे."

मग मी असं काही केलं जे मी सहसा करत नाही. हॉलमध्ये गेलो. तुस्कानो सर पहिल्या रांगेत एकटेच बसले होते, काळा सूट, मांडीवर हात. मी त्यांना म्हटलं, "सर, जरा आत येता का," आणि कोटांच्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. सायबर कॅफे, अकरा मिनिटं, चार मिनिटं वीज, खिडकीतली बाई, मार्जरीबाई, लॅमिनेशन. सांगताना वाक्यं आपोआप विनोदी होत होती. थांबवायचा प्रयत्न केला, तरी होत होती.

सरांनी लायसन्स हातात घेतलं. वाजवून बघितलं. टक टक.

"चौदा वर्षं मी दाखल्यांच्या खऱ्या प्रतींवर सह्या केल्या," ते म्हणाले. "पालक लॅमिनेट करून आणायचे. मी म्हणायचो, अहो, आता शिक्का कुठे मारू, तुमच्या कपाळावर?" मग माझ्याकडे बघितलं. "तुमचं पाद्रीपण मला गुरुवारी दारातच कळलं होतं. नऊ फुगे खाल्ल्यावर खात्री झाली."

"मग आलात कसे, सर?"

"मुलगी खोटं बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदा. तिला किती हवंय ते कळलं. कागदाचं सोमवारी होईल. कागदासाठी मी आलेलो नाही. माझी अट वेगळी होती. देवाला शब्द दिलेला माणूस. तुम्ही कधी कुणाला शब्द दिलाय?"

मी विचार केला. "नाही सर."

"मग आता द्या. दहा मिनिटं आहेत."

"पण माझा देवावर विश्वास नाही."

"मला द्या. त्याला चालेल की नाही ते मी त्याच्याशी बोलून घेईन."

मार्जरीबाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्या उठून उभ्या राहिल्या.

"काय शब्द देऊ?"

"तुमच्याकडे एकच चीज आहे, जीभ. मिलिंदरावांनी मला त्यांच्या पहिल्या लग्नातली ती आठ कडवी म्हणून दाखवली आहेत. त्यांना अजून पाठ आहेत." हे मला माहीत नव्हतं. मी मिल्याकडे बघितलं; तो बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या पायात मोजडी होती. "या लग्नाची चेष्टा करायची नाही," सर म्हणाले. "आज नाही, पुण्याला गेल्यावर मित्रांत नाही. तुम्ही दिवाळी अंकात लिहिता म्हणे. तिथेही नाही."

"लग्न म्हणजे नेमकं कुठपासून, सर?" मी विचारलं. धंद्याचा प्रश्न होता.

"हॉलच्या दारापासून. अलीकडचं तुमचं. पलीकडचं त्यांचं."

मी शब्द दिला. हात पुढे करून दिला. सरांचा हात खडूसारखा कोरडा होता. मग त्यांनी माझ्या खिशातून भाषण मागून घेतलं, लाल पेन काढलं (सूटच्या खिशात लाल पेन होतं), आणि अकराच्या अकरा ठिकाणी काट मारली. एका ठिकाणी शुद्धलेखनही सुधारलं. उरलं त्याला भाषण म्हणायचं झालं तर सहा ओळी होत्या.

"हं," ते म्हणाले. "हे चांगलं आहे. हे आधीच का नाही लिहिलंत?"

आम्ही हॉलच्या दारातून आत गेलो. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

रविवार, विमानतळ

लग्न झालं.

सरांना सोडायला आम्ही चौघं गेलो. चौथ्या मार्जरीबाई, त्यांना गाडीत बसवून ठेवलं नसतं तर त्या उरलेल्या आंबरसापासून हलल्या नसत्या. सोमवारी सकाळी नवीन लायसन्स आणायचं आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सह्या करायच्या, असं ठरलं होतं. ते तसं झालंही. मला त्या कागदाला हात लावू दिला नाही.

काउंटरवर सरांनी पासपोर्ट काढला तेव्हा त्यांच्या बॅगेत मला ते जुनं, चकचकीत लायसन्स दिसलं.

"हे कशाला, सर? रद्द आहे ते."

"दोघांची नावं आहेत. तारीख आहे. पावसात भिजणार नाही." त्यांनी बॅगेची चेन लावली. "आमच्या वसईत भिंतींना ओल फार." मग ग्लॅडिसला जवळ घेतलं, मिल्याच्या पाठीवर थोपटलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "येतो, पाद्रीबुवा."

या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

आता मला पुण्याला परत येऊन तीन महिने झाले. आमच्या चहाच्या टपरीवरची मंडळी सोडत नाहीत. मिल्याचं दुसरं लग्न, बायको वसईची, लावणारा चंद्या. काहीतरी झालंच असणार, सांग. त्या हळदीच्या टेबलक्लॉथचं पुढे काय झालं? बुडबुडे उडाले का? केळकर काय म्हणाले? झालं तर बरंच काही. इतकं, की माझ्यासारख्या माणसाला दिवाळी अंकांचे दोन मोसम पुरावेत. रात्रंदिवस जिभेच्या टोकावर आहे.

"नायगारा पाहिला," मी त्यांना सांगतो. "पाणी वरून खाली पडतं."